पुण्यात देशी अधिवास आणि परागवाहकांच्या बागा उभ्या करताना: स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या टेकड्यांवर वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात आणि खड्डे भरायला शेकडो हात पुढे येतात. हा उत्साह मोलाचा आहे आणि तो योग्य कामी लागावा, एवढ्यासाठीच हे मार्गदर्शन लिहिले आहे. रोप जमिनीत ठेवायला काही मिनिटे पुरतात. त्याआधी जमीन ओळखणे, आगंतुक तण काढणे, बी गोळा करणे आणि रोपे वाढवणे, तसेच त्यानंतर दोन-तीन उन्हाळे पाणी घालणे, वणव्यापासून राखण करणे आणि नोंदी ठेवणे ही कामे वर्षभर चालतात, आणि माणसे कमी पडतात ती याच कामांना. म्हणून नव्याने येऊ इच्छिणाऱ्याने किती झाडे लावायची याचा आकडा ठरवण्याआधी, वर्षभरातले कोणते काम आपल्याला नेमाने जमेल ते ठरवावे. महिन्यातील दोन सकाळी देणारा, पण त्या कधीही न चुकवणारा स्वयंसेवक कोणत्याही गटाला हवा असतो.

आधी जमीन ओळखावी

पुण्यात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. पश्चिमेला सिंहगड-पानशेतकडे जावे तसा तो वाढतो, पूर्वेला लोणी काळभोरकडे जावे तसा घटतो. टेकड्या काळ्या पाषाणाच्या, त्यांवर मुरमाचा थर, आणि उतारावर माती जेमतेम वीतभर. अशा जमिनीवर घनदाट अरण्य निसर्गतः उभे राहत नाही. तिथे येते ते विरळ झाडांचे, काटेरी झुडपांचे आणि भरघोस गवताचे रान. सालई, मोई, खैर, हिवर, धावडा, गणेर, पळस, पांगारा, मेडशिंगी, वारस, आपटा, बारतोंडी ही इथली झाडे; हेंकळ, करवंद, गेळा, तरवड, मुरुडशेंग, धायटी, निर्गुडी ही झुडपे; आणि पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवते. वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव-पर्वती, हनुमान टेकडी किंवा बाणेर-पाषाणची टेकडी नीट पाहत हिंडले, तर यांपैकी बरीच मंडळी आजही भेटतात. मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लावलेल्या गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाच्या दाटीत ती अनेकदा दबून गेलेली दिसतात.

मोकळे गवताळ रान म्हणजे ओसाड जमीन, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि तिने टेकड्यांचे पुष्कळ नुकसान केले आहे. चंडोल, तित्तर आणि टिटवी जमिनीवर, गवताच्या किंवा दगडांच्या आडोशाला घरटी करतात. एकट्याने राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या उघड्या, घट्ट मातीत बिळे करतात. पावसाळ्यात कातळावरच्या ओंजळभर मातीत ज्या नाजूक वनस्पती उगवतात, फुलतात आणि दोन महिन्यांत बी टाकून नाहीशा होतात, त्यांना झाडाची सावली मानवत नाही. अशा ठिकाणी सलग चर खणून हजारो रोपे लावली, तर एक अधिवास मोडतो आणि दुसरा उभा राहत नाही. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी, एका चौरस मीटरात तीन-चार रोपे बसवणारी दाट लागवड सध्या लोकप्रिय आहे. भरावाच्या मातीवर, कारखान्याच्या आवारात किंवा रस्त्याकडेच्या पूर्ण बिघडलेल्या तुकड्यावर तिचा उपयोग होऊ शकेल. पण टेकडीच्या जित्या माळावर ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यामुळे पहिल्या वर्षाचे काम चालण्याचे आणि पाहण्याचे आहे. कामाचा तुकडा ठरला की त्यातून अर्ध्या तासाची एक ठरावीक वाट आखावी आणि दर पंधरवड्याला त्याच वाटेने जावे. काय फुलले, कशावर कोण बसले, पाणी कुठून वाहते, माती कुठे साठते, गुरे आणि माणसे कुठून जातात, हे वहीत लिहावे. त्याच उंचीचे, त्याच दिशेच्या उताराचे, पण कमी बिघडलेले एखादे ठिकाण जवळपास शोधून तिथलीही यादी करावी, म्हणजे आपला तुकडा कशासारखा व्हायला हवा याचा नमुना डोळ्यांसमोर राहतो. पुण्यात ही विचाराची पद्धत नवी नाही. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने परिसर-पुनरुज्जीवन हा विषय अभ्यासक्रमाच्या रूपाने इथे वर्षानुवर्षे शिकवला आहे. ज्यांना या कामात खोल उतरायचे आहे त्यांनी अशा शिक्षणाची वाट जरूर धरावी.

हे वर्ष संपेपर्यंत एक गोष्ट सहसा ध्यानात येते. चराई थोडी थांबली, वणवा लागला नाही आणि घाणेरी निघाली, तर जुन्या खोडांना धुमारे फुटतात, पक्ष्यांनी टाकलेल्या बिया उगवतात आणि गवत आपोआप दाटते. जिथे असे होते आहे तिथे लागवड मुळीच करू नये. उगवलेल्या रोपाभोवतीचे तण काढावे, त्याला दगडांचे आळे करून द्यावे आणि त्याच्या शेजारी खूण म्हणून काठी रोवावी, म्हणजे गवत कापणाऱ्याचा विळा त्यावर पडत नाही. अशा स्वयंभू रोपाची मुळे पहिल्या दिवसापासून मुरमात उतरलेली असतात, आणि पिशवीतल्या रोपाला ती बरोबरी गाठायला फार काळ लागतो.

परवानगी आणि गट

टेकडी सर्वांची वाटली तरी तिची मालकी ठरलेली असते. काही भाग वन विभागाकडे, काही महापालिकेकडे, काही खासगी मालकांकडे असतो आणि जागेवर त्यांच्या सीमा दिसत नाहीत. वनजमिनीवर काम करायचे तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्या भागाच्या वनरक्षकाशी ओळख ठेवावी. महापालिकेच्या जागेसाठी उद्यान विभागाकडे जावे. परवानगीशिवाय चांगल्या हेतूनेही झाड तोडू नये. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि तो परदेशी झाडांनाही संरक्षण देतो. गिरिपुष्प तोडले तरी बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते, त्यामुळे नुसत्या तोडीने काही साधतही नाही. त्याच्या विरळ सावलीत देशी रोपे वाढवावीत आणि ती डोक्याएवढी झाली की वरच्या फांद्या छाटण्याची विनंती संबंधित विभागाला करावी, हा मार्ग संथ असला तरी टिकाऊ आहे.

एकट्याने सुरुवात करण्यापेक्षा चालू गटात सामील होणे केव्हाही चांगले. जवळपास प्रत्येक टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांचे असे गट आहेत. खांद्यावर पाण्याचे कॅन घेऊन चढणारी माणसे दिसली की त्यांना थांबवून विचारावे. नदीकाठी काम करण्याची ओढ असेल, तर जीवितनदी ही संस्था मुळा-मुठेसाठी काम करते. नदीकाठची वनस्पतीसृष्टी टेकडीपेक्षा वेगळी असते. वाळुंज, करंज, उंबर आणि जांभूळ ही तिथली झाडे. ती टेकडीच्या उघड्या माथ्यावर नेऊन लावू नयेत आणि टेकडीची सालई काठावर आणू नये. गट निवडताना गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी यंदाच्या मे महिन्यात किती जगली, हा प्रश्न जरूर विचारावा. ज्यांच्याकडे याचे उत्तर आकड्यांत मिळते, त्यांच्याकडे शिकायलाही मिळते.

तण काढण्याचे काम

हे काम कष्टाचे आहे, त्यात मिरवण्यासारखे काही नाही, आणि टेकडीला सर्वाधिक गरज त्याचीच आहे.

घाणेरी, जिला काही जण टणटणी म्हणतात, ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि बुलबुलांसारख्या फळे खाणाऱ्या पक्ष्यांनी तिचे बी रानोमाळ पसरवले. ती वरवर छाटली तर दुप्पट फुटवे येतात. ती काढण्याची योग्य रीत अशी आहे की बुंध्याजवळची माती बाजूला सारावी, मुख्य मूळ जमिनीच्या पातळीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडावे आणि पूर्ण झुडूप उचलून मुळे वर, फांद्या खाली असे उलटे ठेवावे, म्हणजे ते मातीला टेकून पुन्हा रुजत नाही. पावसाने जमीन मऊ झालेली असताना, पण फळे पिकण्यापूर्वी हे काम करावे. काढलेल्या जागी पुढची दोन-तीन वर्षे घाणेरीची पिले उगवत राहतात. ती हाताने उपटता येतात, आणि हा पाठपुरावा झाला नाही तर आधीची मेहनत वाया जाते.

मात्र सगळी घाणेरी एका दमात काढू नये. तिच्या जाळीत पक्षी घरटी करतात, ससे दडतात, आणि अनेक फुलपाखरांना आज मध मिळतो तो तिच्याच फुलांतून. घरटी नाहीत याची खात्री करून एकेक पट्टा मोकळा करावा, तिथे गवत आणि धायटी, तरवड, निर्गुडीसारखी झुडपे स्थिरावू द्यावीत आणि मग पुढच्या पट्ट्याकडे वळावे.

गाजर गवताशी तर पुण्याचे जुने नाते आहे. भारतातील त्याची पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. त्याच्या स्पर्शाने त्वचेला पुरळ येते आणि परागकणांनी अनेकांना शिंका व दम्याचा त्रास होतो, म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके असल्याशिवाय त्याला हात लावू नये. ते फुलण्याआधी मुळासकट उपटावे. फुलापूर्वी उपटलेले गवत कंपोस्टात चालते, फुलल्यानंतरचे चालत नाही. त्वचेची किंवा श्वसनाची ॲलर्जी असलेल्यांनी हे काम सरळ दुसऱ्यांवर सोपवावे; रोपवाटिकेत त्यांना भरपूर काम आहे.

बी आणि रोपवाटिका

देशी रोपे बाजारात सहज मिळत नाहीत आणि मिळाली तरी ती कुठल्या बियांची हे कळत नाही. म्हणून टिकणारे गट स्वतःचे बी गोळा करतात. आपल्याच जिल्ह्यातील, शक्यतो त्याच प्रकारच्या जमिनीवरील झाडांचे बी घ्यावे. एकाच झाडावर अवलंबून न राहता जमतील तितक्या मातृवृक्षांवरून थोडे थोडे घ्यावे, आणि पाखरांसाठी, किड्यांसाठी व जमिनीसाठी बहुतांश बी झाडावरच राहू द्यावे. पुडीवर झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहावी. वनजमिनीवरचे बी वन विभागाच्या संमतीनेच गोळा करावे.

प्रत्येक बियाण्याचा स्वभाव वेगळा असतो आणि तो कळला की निम्मे काम झाले. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते. ते उन्हाळ्याच्या अखेरीस मिळते आणि ताजेच पेरावे लागते. कडुनिंबाचे बी तर काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावते. बहाव्याच्या बियांचे कवच मात्र इतके टणक असते की ते खरखरीत कागदावर घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. काटेसावरीची बोंडे उन्हाळ्यात फुटून कापूस उडू लागण्याआधी उतरवावीत. सालई आणि पांगारा यांच्या बाबतीत पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या जाड फांदीवर अधिक भरवसा ठेवता येतो. गवताचे बी दिवाळीच्या आसपास पिकते. मूठमूठ ओरबाडून ते कोरड्या पोत्यात ठेवावे आणि तण काढून मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर पुढच्या मृगात पसरावे.

घरोघरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, तळाला भोके पाडून वापरल्या तर लहान रोपांसाठी त्या पुरेशा होतात. माती, वाळू आणि कुजलेले खत यांचे मिश्रण भरावे. फार खत घालून रोप लुसलुशीत करू नये, कारण त्याला पुढे मुरमातच राहायचे आहे. मुळे पिशवीच्या तळाशी गुंडाळू लागली की रोप मोठ्या पिशवीत हलवावे. लावणीपूर्वी महिनाभर पाणी हळूहळू कमी करून रोपाला उन्हाची सवय करावी. मातीच्या गोळ्यांत बी भरून ते टेकडीवर भिरकावण्याचा उपक्रम मुलांना आवडतो, पण दाट गवतात पडलेल्या गोळ्यांतून झाड होणे दुर्मीळच असते. त्याच मुलांच्या हाती एकेक पिशवी दिली, तर बी, रोप आणि झाड यांतले अंतर त्यांना उमजते.

लावणी, पाणी आणि वणवा

जिथे जमीन खरोखर उघडी पडली आहे आणि आपोआप काही उगवण्याची आशा नाही, तिथेच लावणी करावी. खड्डे साधारण दीड फूट लांब, रुंद आणि खोल असावेत आणि ते मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत. दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खाली उतरली की जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत रोपे लावावीत. ऑगस्टनंतर लावलेल्या रोपाला उन्हाळ्याआधी मुळे पसरायला वेळ मिळत नाही. पिशवी फाडून पूर्ण काढावी. उताराच्या खालच्या बाजूला दगडमातीचा अर्धचंद्राकार बांध घालावा, म्हणजे वरून येणारे पाणी आळ्यात थांबते. आळ्यात वाळलेल्या गवताचे आच्छादन द्यावे. रोपांची मांडणी ओळीत करू नये. झाडांचे लहान पुंजके आणि त्यांच्यामध्ये गवताची मोकळीक, असे रान या हवामानाला शोभते.

त्यानंतर पाणी. नोव्हेंबरपासून पुढच्या पावसापर्यंत, किमान पहिले दोन उन्हाळे, दर दहा ते पंधरा दिवसांनी प्रत्येक रोपाला पाच ते दहा लिटर पाणी मिळायला हवे. रोज ग्लासभर घालण्यापेक्षा अंतराने पण भरपूर पाणी दिले तर मुळे खोल जातात. पायथ्याचा नळ, टाकी किंवा टँकर आणि तिथपासूनची चढण यांचा हिशोब जूनमध्येच करावा. वीस स्वयंसेवकांच्या गटाला दोनशे रोपे जगवता येत असतील, तर पाचशे लावण्याचा मोह टाळावा.

जानेवारीपर्यंत गवत वाळून कोळ होते आणि एका विडीच्या थोटकाने आख्खा उतार जळू शकतो. वणव्यात जुने झाड बहुधा तगते. दोन वर्षांचे रोप, जमिनीवरची अंडी आणि वाळल्या काटक्यांतले कोष मात्र जळून जातात. डिसेंबरमध्ये वाटांच्या कडेने आणि तुकड्याच्या सीमेवर काही मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करावा, म्हणजे जाळरेषा तयार होते. गवत जाळून रेषा आखण्याचे काम फक्त वन विभागाच्या कर्मचाऱ्यांचे आहे. आग दिसल्यास आधी अग्निशमन दलाला १०१ वर आणि वनरक्षकाला कळवावे. वारा आग ज्या बाजूला ढकलतो आहे, त्या बाजूला कधीही उभे राहू नये.

टेकडीवर फुरसे आणि घोणस आहेत, म्हणून घोट्यावर येणारे बूट घालावेत, दगड उचलताना तो आपल्यापासून दूरच्या बाजूने वर करावा आणि दिसत नसलेल्या जागी हात घालू नये. उन्हाळ्यात साडेनऊच्या आत काम आटोपावे. विजा चमकू लागल्या की माथा सोडावा.

परागवाहकांची बाग

टेकडीवर जाणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी सोसायटीचे अंगण, शाळेचे आवार किंवा गच्ची हे तितकेच महत्त्वाचे कार्यक्षेत्र आहे. एका टेकडीवरून दुसरीकडे जाणाऱ्या मधमाश्या आणि फुलपाखरांना मधल्या काँक्रीटमध्ये विसाव्याच्या जागा लागतात, आणि त्या आपणच देऊ शकतो.

परागवाहक म्हटले की पोळ्यातली मधमाशी आठवते. महाराष्ट्रात सातेरी, आग्या आणि फुलोरी या मधमाश्या आहेत, तसेच दंश न करणारी इवलीशी पोयाची माशीही आहे; गणेशखिंड रस्त्यावरील केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या विषयात काम करते आहे. पण जगातील मधमाश्यांच्या सुमारे वीस हजार जातींपैकी बहुसंख्य जाती एकट्या राहतात आणि साधारण ७० टक्के जमिनीत बिळे करतात. काळा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो आणि रुईच्या फुलाचे परागण त्याच्यासारख्या दणकट पाहुण्यावाचून होत नाही. तरवडाच्या पिवळ्या फुलात मध नसतो. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एकटी माशी त्या फुलाला बिलगून अंग थरथरवते आणि परागकण झडतात. वांगे आणि टोमॅटो यांच्या फुलांनाही हीच थरथर लागते, आणि सातेरीला ती जमत नाही. याशिवाय संध्याकाळी पांढऱ्या सुगंधी फुलांवर येणारे पतंग, काटेसावरीवर येणारी वटवाघळे, पांगाऱ्यावर झटणारे शिंजीर, आणि उंबराच्या आत शिरणारी बारीक गांधीलमाशी, हे सगळे परागवाहकच आहेत. इतक्या निरनिराळ्या पाहुण्यांची सोय करायची असल्याने एकाच रंगाच्या फुलांचा देखणा ताटवा त्यांना पुरा पडत नाही.

वर्षभर काही ना काही फुललेले असावे, हा बागेच्या आखणीचा पहिला नियम. पावसाळ्यात तेरडा आणि मुरुडशेंग, पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत तरवड आणि कोरांटी, हिवाळ्याच्या शेवटी धायटी, पळस आणि पांगारा, उन्हाळ्यात करंज आणि बहावा, आणि बारमाही रुई, तुळस व सब्जा, असा क्रम धरला तर खंड पडत नाही. जागा लहान असेल तर झाडे सोडून द्यावीत आणि कुंड्यांत तुळस, सब्जा, कोरांटी, अबोली आणि कढीपत्ता एवढ्यावर सुरुवात करावी. दिवसातून पाच-सहा तास ऊन आणि वाऱ्याला थोडा आडोसा मात्र हवाच.

दुसरा नियम अळ्यांच्या अन्नाचा. मध अनेक फुलांतून मिळतो, पण मादी अंडी घालते ती ठरावीक झाडावरच. लाइम फुलपाखरासाठी कढीपत्ता, लिंबू किंवा बेल लावावा. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या कुळावरच वाढते. प्लेन टायगरला रुई, ब्लू टायगरला हरणदोडी, कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ यांना देशी ईश्वरीचा वेल, कॉमन एमिग्रंटला बहावा, कॉमन कॅस्टरला एरंड, रेड पिएरोला पानफुटी, आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत सर्वत्र दिसणाऱ्या उंच, सरळ अशोकावर टेल्ड जे. डॅनेड एगफ्लाय कुंडीत आपोआप उगवणाऱ्या घोळीच्या भाजीवर अंडी घालते. तिची मादी प्लेन टायगरसारखी दिसते. रुईचे विष अंगी मुरलेल्या त्या फुलपाखराला पक्षी टाळतात आणि ही त्या सोंगावर तगते. एका तणाला उपटण्याआधी थांबून पाहण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

या बागेची पाने खाल्ली जाणारच, कारण त्यासाठीच ती लावलेली असतात. हे सोसायटीच्या बैठकीत आधीच सांगून ठेवावे आणि माळ्याशी तर निवांत बोलावे, कारण फवारणी करायची की नाही हे प्रत्यक्षात त्याच्या हातात असते. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही चिकटलेले दिसले तर ती लाइमची लहान अळी असते. गुलाबाच्या पानाची कड गोल कातरलेली दिसली तर तो रोग नसून पाने कापून घरटे विणणाऱ्या माशीचे काम असते. रासायनिक कीटकनाशक तर नकोच, पण निंबोळी तेलही अळ्यांना मारते, हे ध्यानात ठेवावे. रोप विकत घेताना त्याला इमिडाक्लोप्रिडसारखे अंगात भिनणारे औषध दिले आहे का, हे रोपवाटिकेत विचारावे. तसे असल्यास ते औषध फुलांच्या मधातही उतरते. फुलपाखरे येतात म्हणून रंगीत घाणेरी किंवा नारिंगी कॉसमॉस लावू नये, कारण दोन्ही बागेत राहत नाहीत आणि टेकडीवर पसरतात.

बागेचा एक कोपरा मुद्दाम अस्ताव्यस्त ठेवावा. हातभर उघडी, न खणलेली माती, बांबूचे तुकडे, एखादा वाळका ओंडका आणि पालापाचोळ्याचा ढीग एवढे त्यात असावे. पाला झाडून जाळण्याची सवय बंद करावी. उथळ ताटलीत खडे आणि पाणी ठेवावे, म्हणजे माश्या बुडत नाहीत. डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून ते पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. ओलसर माती आणि चिमूटभर मीठ असलेल्या ताटलीवर फुलपाखरे चिखलपान करायला उतरतात. रात्री बागेवरचे प्रखर दिवे मालवावेत.

हौसेने मधपेट्या आणून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. पेटीतल्या हजारो माश्या त्याच फुलांवर तुटून पडतात आणि एकट्या राहणाऱ्या माश्यांना अन्न कमी पडते. इमारतीला आग्या माश्यांचे पोळे लागल्यास ते धुराने किंवा जाळून काढू नये. उन्हाळ्याच्या शेवटी बहुधा वसाहत स्वतःच उठते, आणि धोका असल्यास प्रशिक्षित माणसाला बोलवावे.

नोंदी

टेकडीचा तुकडा असो वा कुंड्यांची रांग, नोंदी सारख्याच महत्त्वाच्या. एका ठरावीक दगडावरून, ठरावीक दिशेने, दर तीन महिन्यांनी एक छायाचित्र घ्यावे. रोपांची मोजणी ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात करावी, आणि मेलेल्या रोपापुढे पाणी, गुरे, वणवा, वाळवी किंवा चोरी यांपैकी जे दिसेल ते कारण लिहावे. गवतावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून तिच्यातील जाती मोजाव्यात. घाणेरी काढलेल्या आणि न काढलेल्या पट्ट्यातील फरक दोन पावसाळ्यांत आकड्यांत दिसू लागतो. बागेत दर आठवड्याला, त्याच वेळी, पंधरा मिनिटे बसून कोणत्या फुलावर किती आणि कोण आले ते मांडावे. नाव ओळखता येत नसेल तर 'मोठा काळा भुंगा', 'लहान पट्टेरी माशी' असे लिहिले तरी चालते. आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्र टाकल्यास जाणकार ओळख पटवून देतात आणि ती नोंद अभ्यासकांच्याही उपयोगी पडते. दुर्मीळ वनस्पतीचे किंवा घरट्याचे नेमके ठिकाण मात्र तिथे उघड करू नये.

नोंदवहीची एक प्रत गटातील दुसऱ्या कोणाकडे तरी असावी, कारण नोकरीमुळे किंवा घर बदलल्यामुळे माणसे पांगतात आणि वहीही त्यांच्याबरोबर जाते. मे महिन्याची मोजणी हाती आली की त्यावरूनच पुढच्या जूनमध्ये किती खड्डे खणायचे, कोणत्या जाती वाढवायच्या आणि कोणता उतार यंदाही न लावता सोडायचा, हे एकत्र बसून ठरवावे.